काकींच्या हाताखाली

हमरापूरच्या काकींचे माझ्यावर ऋण आहे, असे म्हटले की त्या उडवूनच लावतात. "तुम्ही सर, आम्ही काय शिकवणार?" पेणच्या एका शाळेत मी वर्षानुवर्षे इतिहास शिकवला. अश्मयुग, ताम्रपाषाणयुग, सिंधू, सातवाहन अशी फळ्यावर उतरंड रचायची आणि मुलांनी ती वहीत उतरवून घ्यायची. त्या उतरंडीतली मडकी आणि मूर्ती कुणीतरी पाठ दुखेस्तोवर बसून घडवली असतील, हे मला खऱ्या अर्थाने कळले ते काकींच्या कारखान्यात.

कारखाना म्हणजे घराचीच पडवी. वर पत्रे, पावसाच्या बाजूला ताडपत्री. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या पट्ट्यात गणपतीचे कारखाने असेच घरांना चिकटून असतात आणि एकीकडचे विसर्जन आटोपते न आटोपते तोच पुढच्या वर्षीच्या कामाला हात लागतो. काकींचा मुलगा माझ्या वर्गात होता. त्याची दहावीची तयारी करून घ्यायला मी संध्याकाळी जायचो. तो पास झाला, कॉलेजात गेला, माझे जाणे काही थांबले नाही.

भावनगरकडून आलेला शाडू मळून झाला की काकी साच्याच्या दोन्ही अर्ध्या भागांत तो अंगठ्याने थापत. आधी सोंडेची आणि कानांची खोलगट जागा, मग पोट. जाडी सगळीकडे सारखी हवी, नाहीतर वाळताना एक भाग आधी आकसतो आणि तडा जातो. कडांवर काडीने रेघोट्या मारायच्या, पातळ शाडू लावायचा आणि दोन्ही अर्धी एकमेकांवर दाबायची. मग बैठकीच्या भोकातून हात आत घालून जोडावरून बोट फिरवायचे. "बाहेरून कितीही घासा सर, आतून बोट फिरलं नाही तर जोड सुटतो." बाहेरचा गणपती कागदाने घासून गुळगुळीत होतो. आतल्या पोकळीत मात्र काकींची बोटे तशीच उमटलेली राहतात.

हे डोळ्यांत बसल्यावर मी तेरला गेलो. धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे जुने तगर, सातवाहनांच्या काळची बाजारपेठ. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंचे आज सरकारी संग्रहालय आहे. त्यात पांढऱ्या केओलिन मातीच्या छोट्या मूर्ती आहेत. दुहेरी साच्यात काढलेल्या, आतून पोकळ. पुस्तकात त्यांची केशरचना आणि रोमशी असलेला व्यापार वाचून गेलो होतो, पण काचेपुढे उभा राहिल्यावर माझी नजर गेली ती मूर्तीच्या कुशीकडे, दोन अर्धी जिथे जुळतात तिथे. सुमारे 2,000 वर्षांपूर्वी कुणीतरी ती कड घासून काढली होती. चांगल्या हाताने घासली होती, एवढे म्हणण्याइतका मी आता तयार झालो होतो. साच्यातले काम म्हणजे हलके, असे आपल्याकडचे जाणकार सहज बोलून जातात. त्यांनी एक आठवडा हमरापूरला काढावा.

खरी शिकवणी झाली ती इनामगावच्या फोटोवरून. शिरूर तालुक्यात घोडनदीकाठी डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही मोठी माणसे त्यात होती. ताम्रपाषाणकाळातले ते शेतकऱ्यांचे गाव. तिथल्या एका घरात जमिनीखाली झाकणाची लांबट मातीची पेटी निघाली. पेटीत एक स्त्रीमूर्ती, आणि सोबत डोके नसलेली दुसरी स्त्रीमूर्ती व एक बैल. वय तीन हजार वर्षांहून जास्त, आणि तिन्ही मूर्ती कच्च्या, न भाजलेल्या. बिनडोक्याच्या मूर्तीच्या पोटाला भोक आणि बैलाच्या पाठीवरही भोक.

मी फोटो दाखवला, भोकांबद्दल अवाक्षर काढले नाही. काकींनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "काडी घालून बसवत असणार बैलावर." अभ्यासकांनी नेमके हेच लिहून ठेवले आहे. काकींना त्यासाठी अर्धे मिनिट लागले. रोज तारेने आणि कामट्यांनी हात-सोंडा बसवणारे डोळे ते.

"भाजली का नसेल?" मी विचारले.

"ठेवायचीच नसेल तर कशाला भाजायची? आमचा गणपती भाजतो का आम्ही?"

पण ती तर पेटीत घालून ठेवलेली सापडली, असे मी म्हणालो. काकी थोडा वेळ गप्प राहून शाडू मळत राहिल्या. इनामगावच्या देवीचे विसर्जन जमिनीत होत असेल, असा त्यांचा निकाल. पुरातत्त्वाच्या परीक्षेत याला गुण मिळतील की नाही ठाऊक नाही, मी मात्र वर्गात तो सांगत आलो आणि तो हमरापूरच्या काकींचा आहे हेही.

काकींचे खास काम डोळ्यांच्या आखणीचे. करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवायची आणि बारीक ब्रशने पापणीची रेघ एका झटक्यात ओढायची. रेघ तुटली की गणपती झोपाळू दिसतो. म्हणून मी त्यांना आणखी काही फोटो दाखवले. जॉर्डनमध्ये अम्मानजवळ ऐन गझल इथे 1983 आणि 1985 मध्ये गिलाव्याचे पुतळे सापडले. काही जवळजवळ मीटरभर उंच, सुमारे 9,000 वर्षांपूर्वीचे, म्हणजे तिथे मडकी रुळण्याच्याही आधीचे. आत बोरूच्या जुड्या दोरीने बांधलेल्या, वरून चुन्याचा गिलावा आणि डोळ्यांभोवती डांबराची काळी रेघ. तेही घरांच्या जमिनीखाली खड्ड्यांत नीट पुरलेले. काकींचा मुलगा आता कारखाना बघतो आणि प्लास्टरच्या मूर्तीही काढतो. बोरूच्या जुड्या पाहून तो हसलाच. "आम्ही काथ्या घालतो प्लास्टरात. तेच की!" काकींनी फक्त डोळ्यांवर बोट ठेवले. "आखणी जाड झालीय."

प्लास्टर हा तिथला नाजूक विषय. 2020 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टरच्या मूर्ती नकोत असे ठरवले, त्यानंतर कोर्टकचेऱ्या झाल्या. जून 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडवायला आणि विकायला मोकळीक दिली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला नाही. शाडूची मूर्ती जड, वाळायला वेळ खाणारी, गाडीत फुटणारी, आणि गिऱ्हाईक स्वस्तातली मागणार. मला स्वतःला शाडूच बरा वाटतो, पण माझे पोट त्यावर नाही.

एकदा मुलाने विचारले, "सर, त्या जॉर्डनवाल्यांना कुणी बंदी नाही ना घातली?" मी सांगितले, चुना भाजायला लाकूड लागते. त्यापायी गावाभोवतीची झाडे गेली आणि गाव अडचणीत आले, असे तिथे खोदणाऱ्यांपैकी काहींचे मत आहे.

"म्हणजे तेव्हापासून मूर्तिकारालाच बोलणी," तो म्हणाला.

काकी आतून ओरडल्या, "बोलत बसू नकोस, ते दोन साचे धुवायला घे. आणि सर, तुम्ही रिकामे असाल तर कागद घ्या, पाट घासायचे राहिलेत."