हनोई की सायगॉन?
एकाच देशातील दोन शहरे, दोन स्वभाव. रजा सात दिवसांची असेल, तर पसंती कोणाला द्यावी?

परदेश प्रवासाचा बेत ठरला की घराघरांत चर्चा रंगते. व्हिएतनामच्या बाबतीत ही चर्चा हमखास एका प्रश्नावर येऊन अडते. उत्तरेकडील राजधानी हनोई पाहावी, की दक्षिणेकडील हो ची मिन्ह सिटी, म्हणजेच जुने सायगॉन?

समजा, ठाण्यातील एक सहा माणसांचे कुटुंब आहे. आजोबा १९७५ साली नुकतेच नोकरीला लागले होते. सायगॉन पडल्याची बातमी त्यांनी वर्तमानपत्रात वाचली होती, तेव्हापासून ते शहर त्यांच्या मनात घर करून आहे. सुनेला हॅलाँगच्या उपसागरातील बोटीची सफर हवी आहे. मुलांना भुयारे पाहायची आहेत. आजींची अट एवढीच, की जेवणाची आबाळ होऊ नये आणि गुडघ्यांना फार त्रास नको. मुलाच्या हाती रजा आहे फक्त सात दिवसांची.

दोन्ही शहरे पाहू, असे म्हणणे सोपे आहे. पण व्हिएतनाम हा लांबलचक देश. या दोन शहरांमधील लोहमार्ग १,७२६ किलोमीटरचा आहे आणि गाडीला तीस तासांहून अधिक वेळ लागतो. विमान दोन तासांत पोहोचवते खरे, पण सामान आवरणे, विमानतळ गाठणे आणि नवे हॉटेल शोधणे यांत दिवस संपतो. वृद्ध माणसे बरोबर असतील तर एकच शहर निवडून ते निवांत पाहणे शहाणपणाचे ठरते.

तळ्याकाठचे हनोई

हनोई वयाने मोठे. इ. स. १०१० मध्ये ली घराण्याच्या राजाने येथे आपली राजधानी आणली, तेव्हा शहराचे नाव होते थांग लाँग, म्हणजे वर झेपावणारा ड्रॅगन. हनोई हे नाव १८३१ मधले. त्याचा अर्थ 'नदीच्या आत वसलेले'. ती नदी म्हणजे गढूळ, तांबूस पाण्याची लाल नदी.

शहराच्या मध्यभागी होआन किएम नावाचे तळे आहे. पंधराव्या शतकात चिनी मिंग फौजांना हुसकावून लावणाऱ्या ले लोई राजाची तलवार याच तळ्यातील कासवाने परत मागून घेतली, अशी आख्यायिका आहे. या तळ्यात राहणारे आणि लोकांना पूज्य असलेले महाकाय कासव जानेवारी २०१६ मध्ये मेले, तेव्हा सारे शहर हळहळले. पहाटे येथे वयस्कर स्त्री-पुरुष व्यायाम करताना दिसतात. लाल रंगाच्या लाकडी पुलावरून बेटावरील मंदिरात जाता येते.

तळ्याच्या उत्तरेला जुनी पेठ आहे. 'छत्तीस गल्ल्यांची' म्हणून ती ओळखली जाते. आपल्याकडे जशी सराफ कट्टा, तांबट आळी, तशी येथे चांदीची गल्ली, रेशमाची गल्ली, पूजेच्या कागदी वस्तूंची गल्ली. गल्लीच्या नावात 'हांग' म्हणजे माल हा शब्द आधी येतो.

शिक्षणाला मान देणाऱ्या मराठी घराला वाङ्मय मंदिर विशेष भावेल. १०७० साली कन्फ्यूशियसच्या नावाने ते उभारले गेले. राजदरबारच्या परीक्षांत यशस्वी झालेल्या विद्वानांची नावे येथे दगडी कासवांच्या पाठीवरील ८२ शिलालेखांत कोरलेली आहेत. आजही परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थी येथे हात जोडायला येतात.

बा दिन्ह चौकात २ सप्टेंबर १९४५ रोजी हो ची मिन्ह यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली. त्याच चौकात त्यांची समाधी आहे. आपले दहन व्हावे आणि अस्थी देशाच्या उत्तर, मध्य व दक्षिण भागांत ठेवाव्यात, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहिले होते. प्रत्यक्षात त्यांचा देह जतन करून ठेवण्यात आला. समाधी फक्त सकाळी खुली असते आणि वर्षातून काही काळ देखभालीसाठी बंद ठेवतात. त्यामुळे आधी चौकशी करावी. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत.

भारतीय पाहुण्याला येथे एक धागा सापडतो. ऑक्टोबर १९५४ मध्ये फ्रेंच फौजा हनोई सोडून गेल्या आणि काही दिवसांतच पंडित नेहरू येथे आले. जिनिव्हा करारानंतर शस्त्रसंधीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपदही भारताकडेच होते.

हनोईहून हॅलाँगचा उपसागर मोटारीने अडीच तासांवर आहे. हिरव्या पाण्यातून वर आलेले चुनखडीचे हजारो सुळके हे त्याचे वैभव. मात्र जुलै ते सप्टेंबर हे वादळांचे दिवस असतात. १९ जुलै २०२५ रोजी अचानक आलेल्या वादळात येथे पर्यटकांची बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. या महिन्यांत जावे लागलेच, तर हवामानाचा इशारा असताना बोटीचा हट्ट धरू नये.

धावते सायगॉन

सायगॉनचा नूर अगदी वेगळा. रस्ते रुंद, इमारती उंच आणि स्कूटरचा लोंढा अखंड. ४६१ मीटर उंचीचा लँडमार्क ८१ हा मनोरा दुरूनच दिसतो. डिसेंबर २०२४ मध्ये शहराची पहिली मेट्रो धावू लागली. ती बेन थान बाजारापासूनच सुरू होते, त्यामुळे पाहुण्यांनाही सोयीची आहे.

१९५४ मध्ये देशाची फाळणी झाली आणि सायगॉन दक्षिण व्हिएतनामची राजधानी बनले. ३० एप्रिल १९७५ रोजी उत्तरेचे रणगाडे राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादाचे फाटक तोडून आत शिरले आणि युद्ध संपले. पुढल्या वर्षी शहराचे नाव बदलून हो ची मिन्ह सिटी झाले. तरी बोलताना लोक अजून सायगॉनच म्हणतात. तो प्रासाद आज पाहण्यासाठी खुला आहे. सभागृहे, तळघरातील युद्धकक्ष, जुने दूरध्वनी हे सारे जागच्या जागी आहे. आजोबांनी वर्तमानपत्रात वाचलेले फाटक ते हेच.

जवळच युद्धावशेष संग्रहालय आहे. अंगणात अमेरिकन विमाने आणि रणगाडे मांडले आहेत. आतील छायाचित्रे मात्र मन हेलावून टाकतात, विशेषतः 'एजंट ऑरेंज' या विषारी रसायनाने पिढ्यान्पिढ्या झालेली हानी. लहान मुलांना त्या दालनांत नेण्यापूर्वी आई-वडिलांनी विचार करावा. घरातील एकाने मुलांबरोबर अंगणात थांबणे उत्तम.

कू ची येथील भुयारे शहरापासून साठ-सत्तर किलोमीटरवर आहेत. गनिमी सैनिक या भुयारांत राहत, शिजवत आणि जखमींवर उपचारही करत. पर्यटकांसाठी काही भाग रुंद केला असला तरी वाकून, प्रसंगी रांगत जावे लागते. गुडघेदुखी, दमा किंवा बंद जागेची भीती असणाऱ्यांनी वर सावलीतच बसावे.

आजींसाठी सायगॉनमध्ये एक सुखद आश्चर्य आहे. शहराच्या मध्यभागी मरिअम्मन देवीचे मंदिर आहे. एकोणिसाव्या शतकात येथे आलेल्या तमिळ व्यापाऱ्यांनी ते बांधले. आज तेथे स्थानिक व्हिएतनामी स्त्री-पुरुष उदबत्त्या घेऊन नवस बोलायला येतात.

मेकाँग नदीचा त्रिभुज प्रदेशही येथून एका दिवसात पाहून येता येतो. नारळाच्या राया, चिंचोळ्या खाड्यांतून जाणाऱ्या होड्या, फळबागा. कोकणातील माणसाला क्षणभर घरी आल्यासारखे वाटेल.

एक पदार्थ, दोन चवी

दोन्ही शहरांतील फरक समजून घ्यायचा तर 'फो' हा तांदळाच्या शेवयांचा रस्सा पाहावा. हनोईत तो स्वच्छ, साधा, वर थोडी कांद्याची पात एवढाच. १९५४ नंतर उत्तरेतून लाखो माणसे दक्षिणेला आली, त्यांच्याबरोबर फोही आला. सायगॉनने त्याला गोडसर केले आणि सोबत मोड आलेले मूग, तुळशीसारखा सुगंधी पाला, लिंबू व मिरची यांचे भरलेले ताट ठेवले. हनोईचा माणूस मितभाषी, सायगॉनचा मोकळाढाकळा असे म्हणतात, त्याचीच ही चव.

फो मुळात मांसाहारी असतो. शाकाहारी मंडळींनी 'आन चाय' हे दोन शब्द पाठ करावेत. त्याचा अर्थ शाकाहारी जेवण. पाटीवर 'कोम चाय' दिसले की निर्धास्त आत शिरावे. बौद्ध परंपरेमुळे दोन्ही शहरांत अशी उपाहारगृहे आहेत. चांद्रमासाच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी, म्हणजे साधारण अमावस्या-पौर्णिमेला, तेथील बरेच लोक मांस वर्ज्य करतात. इतर ठिकाणी मात्र भाजीतही 'नुओक माम' हा माशांचा अर्क पडतो, हे लक्षात ठेवावे.

रजा कोणत्या महिन्यात?

शहर निवडताना दिनदर्शिका हाती घ्यावी. हनोईला आपल्यासारखे ऋतू आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा कोरडी आणि आल्हाददायक असते, म्हणजे दिवाळीची सुटी तेथे उत्तम. जानेवारीत पारा पंधरा-सोळा अंशांवर येतो, झिमझिम पाऊस असतो आणि स्वेटर लागतो. मे-जूनमध्ये उकाडा असह्य होतो.

सायगॉन बारमाही उष्ण. मे ते नोव्हेंबर पाऊस, बहुधा दुपारनंतर तास-दोन तासांची जोरदार सर. डिसेंबर ते मार्च हा कोरडा काळ, म्हणजे नाताळची सुटी सायगॉनसाठी योग्य. जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या 'तेत' या नववर्षाच्या आठवड्यात मात्र दोन्हीकडे दुकाने बंद असतात.

ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. ऑगस्ट २०२३ पासून त्याची मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवली आहे. एका रुपयाला सुमारे तीनशे डोंग मिळतात, त्यामुळे नोटांवरील शून्ये मोजताना गोंधळ उडतो. वीस हजारांची आणि पाच लाखांची नोट दोन्ही निळसर आहेत. पैसे देताना घाई करू नये. रस्ता ओलांडताना धावू नये, मध्येच थांबू नये. सावकाश, एका गतीने चालत राहिले की स्कूटरवाले स्वतःच बाजूने जातात.

मग निर्णय काय?

निसर्ग, इतिहास आणि जुनी संस्कृती यांची ओढ असेल तर हनोई निवडावे. युद्धाची कहाणी, महानगराची लगबग आणि सपाट, सोपी वाट हवी असेल तर सायगॉन. पण कुटुंबात आणखी एक कसोटी लावून पाहावी. ही संधी कोणाला पुन्हा मिळेल आणि कोणाला मिळणार नाही?

ठाण्यातील त्या घरात रजा दिवाळीची होती, म्हणजे कौल हनोईकडे जात होता. सुनेची हॅलाँगची हौसही त्यात भागली असती. पण तिनेच सुचवावे, "रजा नाताळात घ्या. हॅलाँग मी मुलांबरोबर पुढे कधीतरी पाहीन. बाबांना ते फाटक आत्ताच पाहायला हवे." नाताळात विमानाचे तिकीट महाग पडेल, तेवढी झळ सोसावी लागेल. मुलांना भुयारे मिळतील, आजींना देवीचे दर्शन घडेल आणि आजोबा, पन्नास वर्षांपूर्वीची बातमी जिथे घडली, तिथे स्वतः उभे राहतील.

हनोई हजार वर्षे तळ्याकाठी उभे आहे. ते आणखी काही वर्षे वाट पाहील.