तेहतिसाव्या वर्षी भरलेला फॉर्म

मी अंगणवाडी सेविका, सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातली. दहावी झाली, लग्न झालं आणि माझी वह्या-पुस्तकं माहेरच्या माळ्यावर गेली. पर्यवेक्षिकेच्या जागेला पदवी लागते हे कळलं तेव्हा मी ३३ वर्षांची होते, थोरली मुलगी सातवीत. रोज कॉलेजला जाणं शक्य नव्हतं. मुक्त विद्यापीठात मात्र बारावी नसली तरी पूर्वतयारीची परीक्षा देऊन बी.ए.ला बसता येत होतं. २००९ साली मी तो फॉर्म भरला. नाशिकचं हे विद्यापीठ १९८९ साली निघालं, यशवंतराव चव्हाणांच्या नावानं. त्यांचं जन्मगाव देवराष्ट्रे आमच्याच तालुक्यात. त्यामुळेही असेल, मला ते परकं वाटलं नाही.

रविवारी अभ्यासकेंद्रावर तास असायचे. माझ्या बाकावर एक एस.टी. कंडक्टर, पुढे दोन पोलीस, आणि एक सासू-सून, दोघी एकाच वर्गात. एरवी अभ्यास पहाटे. दिवसा मदतनीस बाई खिचडीला फोडणी देईपर्यंत दोन पानं उरकायची. समाजशास्त्राच्या पुस्तकावर अजून हळदीचं बोट आहे.

दुसऱ्या वर्षी सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि माझी परीक्षा बुडाली. संपलं सगळं, असं वाटलं. पण राहिलेले विषय पुढच्या वर्षी देता आले, आधीचे मार्क तसेच धरले गेले. संसारात असलेल्या बाईला शिकायचं तर एवढी सवड लागतेच.

त्याच वर्षी समाजशास्त्रात स्थलांतराचा धडा होता. पोटासाठी गाव सोडणारी माणसं कुठल्याच गावच्या यादीत राहत नाहीत, हे मी परीक्षेसाठी वाचत होते आणि एकदम आमचा माळ डोळ्यांपुढे आला. दर दिवाळीनंतर तिथं बीडकडच्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या पडतात. त्यांची पोरं मी रोज येता-जाता बघत होते. माझ्या रजिस्टरात त्यांतलं एकही नाव नव्हतं. बाहेरून आलेल्या मुलांनाही आहार द्यायचा असतो हे मला ठाऊक होतं. पण कुणी विचारलं नाही, म्हणून मीही गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी वजनकाटा घेऊन गेले. अडकवायला झाड नव्हतं, म्हणून गाडीचं जू दोघांनी खांद्यावर धरलं आणि त्याला काटा लावला. अकरा पोरं निघाली. एक मुलगी दोन वर्षांची, झोळीत बसवली तर काटा सात किलोच्याही अलीकडे थांबला. तिची आई फडातून तशीच पळत आली होती, हातात कोयता. म्हणाली, "बाई, हिचं नाव लिहून घेतलं तर आमाला काय भरावं लागंल का?" मी नाही म्हटलं आणि तिथंच मांडीवर रजिस्टर ठेवून नाव लिहिलं. त्या हंगामात अकराही मुलांना आहार मिळाला. तेव्हापासून कोप्या पडल्या की मी आठवड्याच्या आत काटा घेऊन जाते.

२०१५ साली पदवी हातात आली. पर्यवेक्षिकेची जागा काही मला मिळाली नाही. तरी या पदवीची किंमत मला कमी वाटत नाही. त्या धड्याआधी मी सहा हंगाम त्या माळावरून नुसती गेले होते.

तुमच्यापैकी कुणाचं शिक्षण मध्येच सुटलं असेल तर जवळच्या अभ्यासकेंद्रावर चौकशी करा. शाळेचा दाखला बरोबर न्या. लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचे कागद आधी करून घ्या. माझं हॉल तिकीट माहेरच्या नावानं आणि ओळखपत्र सासरच्या नावानं होतं, त्यापायी पहिल्या पेपरचा अर्धा तास दारातच गेला.