काठावरची मंडळी

काठावर बसणाऱ्या माणसाविषयी आपल्या भाषेचे मत फारसे अनुकूल नाही. जो कामास हात लावीत नाही तो काठावर बसून गंमत पाहणारा. ज्याच्या पदरी जेमतेम पस्तीस गुण पडतात तो काठावर उत्तीर्ण. पाण्यात पडणाराचे कौतुक आणि कोरड्या राहणाराची चेष्टा, असा हा एकतर्फी न्याय आहे. आम्ही स्वतः तीस वर्षे वर्गाच्या काठावर उभे राहून इतरांच्या मुलांना पोहण्याचा उपदेश करीत आलो. तेव्हा या पक्षाची वकिली आम्ही पत्करावी, यात वाचकांस नवल वाटू नये.

आमच्या लहानपणी मंगरूळपिरास पोहणे शिकावयाचे म्हणजे विहिरीत. वैशाखात शाळा सुटल्या की मळ्यांतील विहिरींवर मुलांची झुंबड उडे. पाठीला रिकामा पत्र्याचा डबा नाही तर वाळलेला भोपळा बांधावयाचा आणि मागून कोणीतरी ढकलून द्यावयाचे. शिक्षणशास्त्राचा भाग त्यात एवढाच असे. परंतु विहिरीच्या थारोळ्यावर कोणी वडील माणूस बसलेला असल्यावाचून कोणतीही आई मुलास सोडीत नसे. आमच्या विहिरीवर हे काम शेजारच्या एका काकांकडे होते. त्यांना पाण्यात उतरलेले आम्ही कधी पाहिले नाही. अडकित्त्याने सुपारी कातरीत ते बसत आणि डोकी मोजीत. नऊ उतरली तर नऊ वर आली पाहिजेत. बुडी मारलेले एखादे डोके अंमळ उशिरा वर आले की अडकित्ता थांबे, आणि तो आवाज थांबला की पाण्यातल्या आम्हां सर्वांच्या काळजात चर्र होई. कोणाच्या पाठीवरचा डबा केव्हा सोडावयाचा, याचा निर्णयही त्यांचाच; मुलाच्या बापालासुद्धा त्यात मत नसे.

तो काळ गेला. आता मुले तरणतलावात शिकतात आणि शिकली की स्पर्धांना जातात. १९०५ साली अकोल्यात विलीन झालेला आमचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी पुन्हा स्वतंत्र झाला. शालेय स्पर्धांची पहिली पायरी तो जिल्हा, दुसरी अमरावती विभागाचे पाच जिल्हे आणि तिसरी सबंध राज्य. अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. तेव्हा वऱ्हाडास व्यायामाची परंपरा नाही, असे कोणास म्हणता येणार नाही. या शालेय स्पर्धांतून पंचांचे काम बहुधा शारीरिक शिक्षणाचे शिक्षक करतात. पालकांनी केळी, टॉवेल आणि कोरडे कपडे सांभाळावे, आणि बैठकीवरून घसा बसेपर्यंत ओरडावे. पाण्यात डोके असलेल्या मुलाला त्यातला एक शब्दही ऐकू येत नाही, ही गोष्ट कोणी ध्यानात घेत नाही.

उन्हाळ्यात निरनिराळ्या मंडळांच्या ज्या लहान स्पर्धा होतात, त्यांत मात्र हाताची टंचाई पडते. हिशेब सोपा आहे. तलावास आठ लेन असल्या आणि प्रत्येक लेनवर नियमाप्रमाणे तीन घड्याळे लावावयाची म्हटली, तर चोवीस माणसे नुसती वेळ घेण्यासच लागतात. वळणावर पाहणारे, सुरुवात करून देणारे, निकाल लिहिणारे आणि चड्डी-टोपीतल्या बालसेनेस क्रमाने रांगेत बसविणारे निराळेच. (या शेवटच्या कामापुढे आमचे परीक्षागृहातील पर्यवेक्षण म्हणजे वामकुक्षी होय.) न्यू जर्सीत राहणारी आमची भाची सांगते, की तिच्या मुलाच्या क्लबात प्रत्येक घराने हंगामात ठरावीक वेळा असले काम केलेच पाहिजे, असा नियम आहे; कामाची माणसे नसली तर शर्यतच सुटत नाही. आपल्याकडे नियम नाही. आपल्याकडे ध्वनिक्षेपकावरून विनंती होते आणि समोरच्या रांगेतले लोक एकाएकी पादत्राणे शोधू लागतात.

गेल्या उन्हाळ्यात विभागातील एका मोठ्या गावी अशी विनंती झाली, तेव्हा आम्ही पहिल्याच रांगेत होतो. चौथ्या लेनचे तिसरे घड्याळ आमच्या हाती आले. एका तरुण शिक्षकाने पाच मिनिटांत आमची शिकवणी घेतली आणि विद्यार्थिदशेचा आनंद आम्हांस पुष्कळ वर्षांनी लाभला. भोंग्याच्या आवाजावर घड्याळ सुरू करू नये, त्याबरोबर लागणाऱ्या दिव्यावर करावे. कारण आवाजाला पंचवीस मीटर ओलांडावयास सुमारे सात शतांश सेकंद लागतात आणि तेवढ्यात पदक इकडचे तिकडे होते. शेवटी भिंतीच्या अगदी कडेस उभे राहून सरळ खाली पाहावे. शेजाऱ्याच्या घड्याळात डोकावू नये. तिन्ही वेळा निरनिराळ्या आल्या तर मधली ग्राह्य. या शेवटच्या नियमावर आमचे मन जडले. सरासरी काढली तर एका उतावळ्या अंगठ्याचा दोष सर्वांना भोवतो; मधली वेळ घेतली की उतावळा आणि झोपाळू दोघेही आपोआप बाजूस पडतात. दोन परीक्षकांच्या गुणांची सरासरी काढण्यात आमचे आयुष्य गेले. ही युक्ती विद्यापीठास सुचली नाही.

दीड तास आम्ही चौथ्या लेनखेरीज काही पाहिले नाही. आमची धाकटी कन्या सहाव्या लेनमधून पोहून गेली. ती कितवी आली, हे तिनेच ओल्या केसांनी येऊन आम्हांस सांगितले.

या कामात बुद्धी लागत नाही असे जो म्हणेल त्याने १९६० सालची रोमची कथा ऐकावी. ऑलिंपिकच्या शंभर मीटर फ्रीस्टाईलमध्ये ऑस्ट्रेलियाचा जॉन डेव्हिट आणि अमेरिकेचा लान्स लार्सन जवळजवळ एकदमच भिंतीस भिडले. डेव्हिटच्या तिन्ही घड्याळांत ५५.२ सेकंद, लार्सनच्या घड्याळांत ५५.०, ५५.१ आणि ५५.१. पहिला क्रमांक पाहणाऱ्या तिघांपैकी दोघांनी डेव्हिट पहिला म्हटले. दुसरा क्रमांक पाहणाऱ्या तिघांपैकी दोघांनी डेव्हिट दुसरा म्हटले. अखेर मुख्य पंचाने सुवर्णपदक डेव्हिटला दिले आणि लार्सनची वेळही ५५.२ अशीच नोंदली गेली. सहा डोळस माणसे आणि सहा चालू घड्याळे असून हा प्रकार! १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकपासून भिंतीवर विजेच्या पट्ट्या आल्या, आणि जलतरणपटूचा हातच आपले घड्याळ थांबवू लागला.

तथापि यंत्राला सर्व काही दिसत नाही. अमरावतीच्या अंध जलतरणपटू कांचनमाला पांडे यांनी २०१७ साली मेक्सिकोतील जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. त्यांच्या वर्गातील शर्यतींत तलावाच्या दोन्ही टोकांस एकेक माणूस हातात काठी घेऊन उभा असतो. काठीच्या टोकास मऊ गोळा असतो. भिंत जवळ आली की त्याने तो पोहणाराच्या अंगाला लावावयाचा. क्षणभर आधी लावला तर गती मोडते, उशिरा लावला तर डोके भिंतीवर आपटते. त्या माणसाचे नाव निकालपत्रात नसते.

ब्रेस्टस्ट्रोकचे वळणही असेच माणसाच्या डोळ्यांवर अवलंबून आहे. भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागले पाहिजेत. एक आधी लागला तर मूल बाद. आम्ही घड्याळ घेऊन उभे होतो त्याच दिवशी समोरच्या टोकास, पाचव्या लेनच्या वळणावर, आमच्याच गाडीतून मंगरूळपिराहून आलेल्या एक बाई उभ्या होत्या. चौदा वर्षांखालील मुलींची शर्यत चालली होती. पाचव्या लेनमधली मुलगी सर्वांच्या पुढे होती. तीही आमच्याच गाडीतली, बाईंच्या मुलीची बालमैत्रीण. वळण झाले आणि बाईंनी हात वर केला.

मुख्य पंच आले. काय पाहिले, असे त्यांनी विचारले. "डावा हात आधी लागला, उजवा मागून," बाई म्हणाल्या, आणि चिठ्ठीवर सही केली. पहिली आलेली मुलगी बाद झाली आणि मागच्या सर्व मुली एकेक क्रमांक वर सरकल्या. चौथी आलेली तिसरी झाली. ती बाईंची मुलगी होती.

पुढे काय झाले असेल, हे लहान गावात राहणाऱ्या वाचकांस सांगावयास नको. परतीच्या गाडीत कोणी कोणाशी बोलले नाही. कारंज्यास चहासाठी थांबलो, तेव्हा बाद झालेल्या मुलीची आई खाली उतरली नाही. दोघा-तिघा पालकांनी बाईंना ऐकू जाईल अशा बेताने मत दिले, की लहान लेकरांच्या शर्यतीत इतके काटेकोर कशाला व्हावे. आणि एकाने त्याहून वाईट असे काही सुचविले. आम्हांस ते पटले नाही, आणि तसे आम्ही बोलून दाखविले. जे वळण तेराव्या वर्षी गावच्या काकूंनी पोटात घातले, ते पुढे राज्याच्या स्पर्धेत एखादा परका मनुष्य पाहील, आणि तेव्हा ती सवय हाडीमाशी खिळलेली असेल. खरे म्हणजे हे सर्वांच्या आधी त्या मुलीलाच कळले असावे. चहाच्या टपरीवर ती बाईंजवळ आली आणि म्हणाली, "काकू, कोणता हात?" बाईंनी सांगितले. "मला वाटलंच," ती म्हणाली, आणि दोघी मुली मिळून एक बिस्किटांचा पुडा घेऊन गाडीत जाऊन बसल्या. पदक बाईंच्या मुलीच्या गळ्यात नव्हते. ते तिने कधी काढून ठेवले, हे आम्ही पाहिले नाही.

मुली अजूनही एकत्र सरावाला जातात. त्यांच्या आया बाजारात समोरासमोर आल्या तर तब्येतीची चौकशी करतात, त्यापलीकडे जात नाहीत.

यंदाच्या स्पर्धेत काम करू इच्छिणाऱ्या पालकांची यादी गेल्या आठवड्यात आमच्याकडे आली. घड्याळांसाठी पुष्कळ नावे आहेत, पाणी आणि फराळासाठी त्याहून पुष्कळ. बाईंनी यंदा घड्याळ मागितले आहे. वळणाच्या रकान्यात एकही नाव नव्हते. आम्ही तेथे आपले नाव घातले, तेव्हा कन्येने ते वाचले आणि विचारले, "बाबा, माझ्या लेनवर आलात तर?" आम्ही काय करू ते तिला सांगितले. त्यावर ती थोडा वेळ काही बोलली नाही; मग नियमांचे पुस्तक कोठे ठेवले आहे, असे विचारून ते घेऊन गेली.