नासरेथमधली अठरा वर्षं

येशूच्या बालपणाची गोष्ट सांगायला बसलं की शुभवर्तमानांत हाताशी फार थोडं लागतं. मत्तय तारा, मागी लोक आणि मिसरात पळून जाणं सांगतो. लूक मेंढपाळ, गव्हाणी, म्हातारा शिमोन आणि हन्ना सांगतो. मग एकदम बारा वर्षांचा मुलगा येतो आणि त्यानंतर थेट तिशीतला माणूस. मधली अठरा वर्षं कोरी. आमच्या पिढीने आपलं गाव त्या कोऱ्या जागेत नेऊन वसवलं.

नामपुरात आमची घरं मोजकीच, बदलीच्या नोकऱ्यांनी आलेली. रविवारी सकाळी एका ओट्यावर शब्बाथ शाळा भरायची. बाई पिशवीतून निळं फ्लॅनेल काढून फळीवर टाचण्यांनी ताणून बसवायच्या. कागदी चित्रांच्या पाठीला फ्लॅनेलचे तुकडे डकवलेले, त्यामुळे ती फळ्याला धरून राहायची. योसेफच्या गाढवाचा पुढचा पाय फाटला होता, म्हणून मिसरच्या वाटेवर ते दर वर्षी खजुराच्या झाडामागूनच जायचं. ज्याचं वचन न अडखळता पाठ, त्याला बाळ लावायला मिळायचं. त्यासाठी आम्ही शनिवारी रात्री कंदिलाशी बसून घोकत असू.

आता भिंतीवर पडदा आहे, मराठीत बोलणारी कार्टून आहेत. मुलांना नासरेथच्या टेकड्या दिसतात आणि येशू त्या मातीतल्या माणसांसारखा सावळा दिसतो. हे चांगलंच झालं. आमचा बाळ येशू सोनेरी केसांचा आणि निळ्या डोळ्यांचा होता, आणि देव आपल्यासारखा दिसत नाही हे आम्ही कुणी न शिकवता शिकलो. ती जखम लहान नव्हती. पण पडद्यावर सुताराच्या घरातलं भांडंन् भांडं आधीच मांडलेलं असतं. आम्हाला ते घर स्वतः मांडावं लागायचं. आम्ही त्यात चूल ठेवली, पाटा-वरवंटा ठेवला आणि मोसम नदीवर मरीयेला धुणं धुवायला पाठवलं.

बारा वर्षांच्या मुलाची गोष्ट बाई वणीच्या गडाच्या यात्रेवरून समजावायच्या. चैत्रात खानदेशातली माणसं गावंच्या गावं मिळून चालत गडावर जातात, पोरं कधी काकाबरोबर, कधी शेजाऱ्याबरोबर. यरुशलेमचा वल्हांडणही तसाच. पोरगा जथ्यात असेल म्हणून आईबाप दिवसभर निर्धास्त चालले आणि संध्याकाळी कळलं की तो नाहीच. यात्रेत चुकलेलं पोर आम्ही पाहिलेलं होतं, त्यामुळे मरीयेच्या पोटात पडलेला गोळा आम्हाला समजावून सांगावा लागला नाही.

आजूबाजूला गोष्टींना तोटा नव्हता. शाळेतली मुलं कान्ह्याच्या खोड्या सांगायची आणि तुमच्या येशूने कधी मडकं फोडलं का, असं विचारायची. मालेगावहून आलेला वर्गमित्र म्हणाला, आमच्या कुराणात ईसा पाळण्यात बोलतो आणि मातीच्या पाखरात प्राण फुंकतो. बाईंनी ही गोष्ट आपल्या पुस्तकात नाही म्हणून उडवून लावली. चर्चने न स्वीकारलेल्या एका जुन्या ग्रंथात पाच वर्षांचा येशू चिखलाच्या बारा चिमण्या उडवतो, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. आता मुलं ते मोबाइलवर क्षणात शोधतात.

गोष्टी सांगण्याची ही परंपरा आपल्याकडे जुनी आहे. फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' 1616 साली छापलं गेलं, तेही ओव्यांत. नव्या ख्रिस्ती माणसांना पुराणाची सवय होती, हे त्याने ओळखलं. ना. वा. टिळकांनी सुरू केलेलं 'ख्रिस्तायन' त्यांच्या मागे लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. नाशिकच्या शरणपुरात तर गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं वाढली. तिथे शिकलेला जेकब वेनराइट 1874 साली लिव्हिंग्स्टनच्या शवपेटीबरोबर इंग्लंडला गेला. त्या मुलांना ही गोष्ट पोटभर अन्नाबरोबर मिळाली, नको म्हणायची मोकळीक न देता. जुन्या दिवसांवर जीव टाकताना मला हे विसरता येत नाही.

नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला आम्ही फेब्रुवारीत एसटीने जायचो. हातात गोल धरलेली, राजवस्त्रातली ती मूर्ती प्रागमधल्या मूर्तीच्या वळणाची. प्रागच्या मठाला ती 1628 साली मिळाली. आज नाशिकरोडला सगळ्या धर्मांची माणसं नवस घेऊन रांगा लावतात. गाडीने जाऊन दुपारी परतता येतं. आम्हाला वाटेवरच्या डब्यांसकट एक पुरा दिवस लागायचा, आणि त्या दिवसात आजी सबंध गोष्ट पुन्हा सांगायची.

खरी सल वेगळी आहे. आम्हाला मंदिरातला मुलगा दाखवून सांगितलं जायचं, की बघा, तो आईबापांच्या आज्ञेत राहिला. तो न विचारता मागे राहिला आणि गुरुजनांना प्रश्न विचारत बसला होता, यावर बाई भरभर पुढे जायच्या. शहाण्या मुलाची ती छडी आमच्यावर पुष्कळ चालली. आता मी शिकवते तेव्हा मुलं सरळ विचारतात, आईला तीन दिवस रडवणारा मुलगा आज्ञाधारक कसा? मी लूक उघडून दाखवते, की मरीयेलाही त्याचं बोलणं तेव्हा समजलं नव्हतं. मुलांचं त्यावर समाधान होत नाही आणि वाद रंगतो. आमच्या पूर्ण रविवारांत असा वाद एकदाही झाला नाही. यांच्याकडे वाद आहे, रविवार नाही: साडेदहाला ट्यूशनची रिक्षा फाटकाशी हॉर्न वाजवते आणि निम्मी मुलं उत्तर न घेताच उठतात.