स्पर्शसंगणकाची निगा

जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक वाचकास बहुधा एक विनवणी करून ठेवीत असे: ग्रंथ तेलापासून, पाण्यापासून व सैल बांधणीपासून जपावा आणि मूर्खाच्या हातीं देऊं नये. धुळ्यास १९२७ सालीं स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळांत व समर्थ वाग्देवता मंदिरांत जीं हस्तलिखितें आहेत, तीं अशाच जपणुकीनें आपणांपर्यंत पोंचलीं. शाळेंतून निवृत्त होऊन जळगांवीं राहत असतां माझ्याकडे जी वस्तु सांभाळण्यास आली, तिलाही हेंच चतुर्विध पथ्य लागू पडतें. ती वस्तु म्हणजे बोटाच्या स्पर्शानें चालणारा जुना ‘आकाश’ संगणक. तो भंगारांत द्यावा, असें चिरंजीव म्हणतात. परंतु माझ्या कै. पत्नीनें अमळनेरच्या माहेरीं शिकलेल्या अहिराणी ओव्या तिच्याच आवाजांत त्यांत सांठविलेल्या आहेत. तेव्हां तें माझ्यानें होत नाहीं.

प्रथम तेल. बोटांचा तेलकटपणा पडद्यावर बसतो व त्यावर आमच्या खानदेशची धूळ आणि जिनिंगमधून उडणारा कापसाचा तंतु चिकटतो. ही धूळ तशीच घासली तर चरे पडतात. म्हणून यंत्र बंद करून, तार काढून, आधीं मऊ कुंचल्यानें झाडावें, मग पुसावें.

दुसरें पाणी. तें पडद्यावर कधींही शिंपडूं नये. शुद्धोदकाचे दोनचार थेंब मऊ फडक्यावर घेऊन हलक्या हातानें पुसावें. कांचेच्या तावदानांसाठीं मिळणारीं अमोनियायुक्त द्रव्यें वर्ज्य समजावीं.

तिसरी बांधणी. ५ ऑक्टोबर २०११ रोजीं दिल्लींत प्रसिद्ध झालेल्या पहिल्या ‘आकाश’च्या पडद्यांत दोन पातळ थर असून मध्यें अंतर असतें. बोट दाबलें कीं ते टेंकतात व यंत्रास जागा कळते. चौकटीच्या कडेस खडा अडकला, तर कोणी सतत दाबीत आहे असा यंत्राचा ग्रह होतो! तेथें सुई न घालतां कुंचलाच फिरवावा. १९८३ सालच्या ह्यूलेट-पॅकार्ड १५० या संगणकाची तऱ्हा निराळी: पडद्याभोंवतीं छिद्रें असत व त्यांतून अदृश्य किरण जात. छिद्रांत धूळ भरली कीं यंत्रास बोट दिसेनासें होई.

चौथा मूर्खाचा हात. वैशाखांत जळगांवीं पारा ४५ अंशांपलीकडे जातो. अशा उन्हांत यंत्र खिडकींत ठेवणें म्हणजे त्यांतील लिथियमच्या बॅटरीचा घात करणें होय. वापर नसेल तेव्हां ती अर्धी भरून थंड जागीं ठेवावी. फुगली तर दाबूं नये, टोंचूं नये. जाणत्याच्या स्वाधीन करावी.

परंतु पोथ्या टिकल्या त्या केवळ बासनांत गुंडाळल्यामुळें नव्हे. पिढ्यानुपिढ्या कोणी ना कोणी त्यांची नक्कल करीत आला, म्हणून टिकल्या. यंत्र कितीही पुसलें तरी एके दिवशीं तें मिटणारच. म्हणून गेल्या दिवाळींत नातीकडून त्या ओव्यांच्या दोन नकला करविल्या. एक माझ्या कपाटांत आहे. दुसरी ती पुण्यास घेऊन गेली व अडलेल्या अहिराणी शब्दांचे अर्थ आतां मला विचारीत असते. ज्यांच्या घरीं असें जुनें यंत्र असेल त्यांनीं आधीं नक्कल करावी, मग फडकें हातीं घ्यावें.