चढवलेली प्रत्यंचा

ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांतून शिकारीच्या कथांना तोटा नाही. संस्थानी काळात शिवपुरीच्या जंगलात निघणाऱ्या स्वाऱ्या, हाकारे, मचाणे यांची वर्णने आमच्या पिढीने आजोबांच्या तोंडून ऐकली. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीच्या परवान्यांची प्रथाही संपली, आणि शिवपुरीचे माधव राष्ट्रीय उद्यान मार्च २०२५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले. शासनाच्या सेवेत उभे आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्यावर शिकारीचे हत्यार पारखण्याचा प्रसंग येईल, असे म्हणूनच कधी वाटले नव्हते.

तो आला अमेरिकेत, लेकीकडे गेलो असताना. ओहायो राज्यात परवाना काढून, ठरलेल्या हंगामात पांढऱ्या शेपटीच्या हरणांची शिकार करणे कायदेशीर आहे. जावईबापूंना त्यासाठी क्रॉसबो घ्यावयाचा होता. क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारख्या दस्त्यावर आडवे बसवलेले धनुष्य. दोरी ओढून अडकवावयाची आणि चाप ओढून बाण सोडावयाचा. लेकीला हा छंद रुचलेला नव्हता. "बाबा, निदान तुम्ही तरी बरोबर जा," ती म्हणाली. जावयांचे म्हणणे असे, की आपण मांस खातो ते कोणीतरी मारलेलेच असते. मग त्याचा भार स्वतः का उचलू नये? यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. शासकीय खरेदीतील तपशिलांचे तक्ते वाचण्याची सवय मात्र होती. मी गेलो.

प्रत्येक तक्त्यात सर्वांत वर, ठळक अक्षरांत, वेग दिलेला होता: सेकंदाला ३५० फूट, ४०० फूट, त्याहूनही अधिक. दुकानातील वयस्कर विक्रेत्याने त्या आकड्यावर बोट ठेवून मान हलवली. बाण कितीही वेगवान असला तरी ध्वनी त्याच्या दुपटीहून अधिक वेगाने जातो. तीस यार्डांवरच्या हरणापाशी बाण पोहोचण्यास पाव सेकंद लागतो. दोरीचा आवाज त्याच्या कितीतरी आधी पोहोचतो. हरिण दचकून खाली दबते आणि फुप्फुसावर नेमलेला बाण पाठीत शिरतो. जखमी जनावर रानात दूरवर जाऊन तडफडत मरते. म्हणून वेगापेक्षा आवाज कमी असणे, बाणाला पुरेसे वजन असणे आणि अंतर मर्यादित ठेवणे अधिक महत्त्वाचे, असा त्याचा सांगावा होता.

मग इतर गोष्टी आल्या. साध्या बाकदार भुजांचा क्रॉसबो रुंद असतो, पण त्याची दोरी घरी बदलता येते. कप्प्यांचा क्रॉसबो अरुंद, मचाणावर सोयीचा. मात्र त्याच्या दोरीसाठी बहुधा दुकानच गाठावे लागते. दोरीचा ताण दीडशे ते दोनशे पौंड, म्हणजे धडधाकट माणसाच्या वजनाइतका किंवा त्याहून अधिक. बाण न लावता चाप ओढला तर भुजा फुटू शकतात. ते रोखणारी कळ असावी. पुढच्या हाताचा अंगठा दोरीच्या वाटेत आला तर तुटूही शकतो. त्यासाठी आडोसा असावा.

मी शेवटी एकच प्रश्न विचारला: दिवसभर बसून हरिण आलेच नाही, तर ही चढवलेली दोरी उतरवावयाची कशी? विक्रेता हसला. पुष्कळ क्रॉसबो बाण सोडल्यावाचून उतरवता येत नाहीत. संध्याकाळी एक जाड टोकाचा बाण जमिनीत मारून मोकळे व्हावे लागते. काहींना मात्र हँडल असते. ते फिरवून दोरी चढवता येते आणि तसेच सावकाश उलट फिरवून उतरवताही येते.

मला सौप्तिकपर्व आठवले. ब्रह्मास्त्र अर्जुनानेही सोडले आणि अश्वत्थाम्यानेही. परंतु ते परत घेण्याचे सामर्थ्य एकट्या अर्जुनाजवळ होते. व्यासांनी दोघांतील भेद नेमबाजीत नव्हे, तर येथे दाखवला आहे. जावयांना मी एवढेच म्हणालो, "ज्याची प्रत्यंचा उतरवता येते, ते घ्या." ते थोडे महाग होते आणि वेगात मागे. त्यांनी तेच घेतले, आणि तीस यार्डांपलीकडे बाण सोडावयाचा नाही असे आपल्या मनानेच ठरवले.

त्या हंगामात ते सात वेळा रानात गेले. सहा वेळा हरिण फार दूर होते, आडवे उभे नव्हते, किंवा उजेड सरला होता. दोरी उतरवून ते घरी आले. सातव्या वेळी बाण सुटला. नियमाप्रमाणे अर्धा तास थांबून ते मागावर गेले, तेव्हा हरिण साठ पावलांवर निष्प्राण पडलेले होते. रात्री लेकीने मांस शिजवले नाही, पण डबे भरून बर्फपेटीत नीट रचून ठेवले. जावयांनी काही न बोलता क्रॉसबो पुसून कुलपात ठेवला. त्या घरात त्या रात्री फारसे कोणी बोलले नाही, आणि तेच मला योग्य वाटले.