पानिपतची भूक आणि पडद्यावरचा धुरळा

आशुतोष गोवारीकर यांचा ‘पानिपत’ (२०१९) उदगीरच्या विजयापासून सुरू होतो, याचे आम्हां मराठवाड्यातल्या प्रेक्षकांना केवढे अप्रूप वाटले होते! फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला उदगीरजवळ नमवले आणि त्या यशानंतर उत्तरेची मोहीम त्यांच्याकडे आली. शाळेच्या सहलीत पाहिलेला उदगीरचा किल्ला एकदम इतिहासाच्या मध्यभागी येऊन उभा राहतो. हे अप्रूप चित्रपटाच्या अखेरीपर्यंत का टिकले नाही, हा प्रश्न मात्र आम्हां दोघांच्या बोलण्यात अजून निघतो. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. किनवटहून नांदेडला जाऊन चित्रपट पाहिला, पुढे घरीही पाहिला. डोळे दिपले, भरून मात्र आले नाहीत.

दृश्यवैभवाबद्दल वाद नाही. नितीन चंद्रकांत देसाईंनी उभारलेला शनिवारवाडा, तोफांचे गोळे, मैदानभर पसरलेला धुरळा, हे सारे कसबी हातांचे काम आहे. जवळपास तीन तास पडद्यावर सतत काहीतरी भव्य घडत राहते. अडचण अशी की, तोफ कोणत्याही युद्धात सारखीच धडाडते. वेशभूषा बदलली की तेच दृश्य दुसऱ्या युद्धालाही चालेल. मग पानिपतचे स्वतःचे असे काय उरते?

आमच्या मते, भूक. सुमारे अडीच महिने मराठ्यांची छावणी पानिपतला अडकून पडली होती. लढवय्यांसोबत बायकामुले, यात्रेकरू, बाजारबुणगे असा मोठा जमाव होता. अब्दालीने रसद तोडली. गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले आणि दाणागोट्याची उरलीसुरली आशाही संपली. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे बाहेर पडले ते उपाशी मरण्यापेक्षा लढून मरावे म्हणून. तोंडाला हळद फासून ते रणात उतरले, असे वर्णन सापडते. चित्रपटात ही उपासमार आहे, नाही असे नाही. पण ती एखादी बातमी द्यावी तशी येते आणि कॅमेरा लगेच लढाईकडे धावतो. रिकाम्या पोटी तलवार उचलणारा हात थरथरतो कसा, हे पाहायला कॅमेऱ्याला सवड नाही.

आमच्या भागातल्या प्रेक्षकाला हे समजावून सांगावे लागले नसते. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या, सुकडीसाठी रांगेत बसणाऱ्या माणसांच्या घरांत आम्ही वाढलो. मिलोची लाल भाकरी घशाखाली कशी उतरत नसे, हे ऐकतच जेवलो. अशा प्रेक्षकापुढे छावणीतली एक विझलेली चूल दोन मिनिटे नुसती ठेवली असती, तरी दहा हत्तींचे काम झाले असते.

दिग्पाल लांजेकर यांचा ‘पावनखिंड’ (२०२२) यासंदर्भात आठवतो. संगणकीय करामतींत तो हिंदी युद्धपटांच्या पासंगालाही पुरत नाही; काही जागी तर दृश्याचा खोटेपणा सरळ दिसतो. तरीही प्रेक्षक त्यात गुंतला. जुलै १६६० ची ती गोष्ट आम्हां सर्वांना पाठ होती, हे एक कारण असेल. पण आम्हांला दुसरेच कारण महत्त्वाचे वाटते. त्या कथेत तोफेचा आवाज येण्याची वाट पाहायची असते. राजे विशाळगडावर पोहोचल्याची ती खूण. ती येईपर्यंत बाजीप्रभूंना खिंडीत उभे राहायचे आहे आणि प्रेक्षकाला खुर्चीत. ‘पानिपत’मध्ये शेकडो तोफा सुटतात, त्यांतल्या एकीचीही आपण वाट पाहत नाही. (प्रेक्षक रडला म्हणजे चित्रपट भिडला, असेही आम्ही मानत नाही. देहाची विटंबना लांबवून दाखवली की अश्रू येतातच. २०२५ च्या ‘छावा’च्या वेळी त्यावर आमच्यांत बरेच भांडण झाले.)

वाट पाहणे तर पानिपतातही ठासून भरले होते. भाऊ परतले नाहीत, पण ते मेले यावर पुण्याचा पुरता विश्वास बसला नाही. पार्वतीबाईंनी सौभाग्यचिन्हे उतरवली नाहीत. भाऊंचा तोतया निघाला, त्याने कोकणात किल्ले घेतले आणि १७७६ मध्ये तो मारला गेला. म्हणजे लढाईनंतर पंधरा वर्षे हे दार उघडेच होते! एवढी मोठी मानवी गोष्ट हाताशी असताना चित्रपट तिच्याकडे वळत नाही. भाषेने मात्र ती जखम जपली. कुणाचे ‘पानिपत’ होते, कुठे ‘भाऊगर्दी’ उसळते. बाजारबुणगे तर आता शिवीत जमा झाले.

हा शब्द वर्गात निघाला तेव्हा एका विद्यार्थ्याने प्रश्न विचारला. किनवट तालुक्यातल्या तांड्यावरून येणारा मुलगा. बैलांच्या पाठीवर धान्य लादून फौजांना पुरवणारे ते लमाण, हे त्याने घरी ऐकले होते. “सर, रसद तुटली तेव्हा तांड्यांचं काय झालं? बैलं कुठे गेली?” चित्रपट त्याने मोबाइलवर पाहिला होता आणि त्याला तो आवडलाही होता. आम्ही त्याला गोविंदपंत बुंदेल्यांच्या अखेरच्या दिवसांपर्यंत नेले, यमुनेच्या अंतर्वेदीचा नकाशा फळ्यावर काढला, धान्य कुठून यायचे होते ते दाखवले. तो नकाशा त्याने वहीत उतरवून घेतला आणि त्या वाटेवर एक बैल काढला.